अमेरिकन सिनेटमध्ये पेज व्हायचंय? अर्जापासून परतीपर्यंतचा नेमका क्रम

अमेरिकेतल्या मराठी घरांमधून सिनेट पेजसाठी अर्ज करणारी मुलं गुणांत कमी पडत नाहीत. ती अडतात क्रमात. शिफारसपत्रं आधी गोळा होतात आणि शाळेला विचारायचं शेवटपर्यंत राहून जातं. निबंध तयार होतो, पण अर्ज ज्या ऑफिसात जायला हवा त्याऐवजी भलतीकडेच जातो. मुलगी निवडली जाते, आणि मग कळतं की तिचे दोन एपी (शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय तिथे शिकवतच नाहीत. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. कृपया त्याच क्रमाने जा.

आधी काम काय आहे ते थोडक्यात. पेज म्हणजे वॉशिंग्टनला सिनेटच्या सभागृहात प्रत्यक्ष काम करणारे अकरावीतले विद्यार्थी. एका सत्रात साधारण ३० जण असतात: बहुमतातल्या पक्षाच्या बाजूला १६, अल्पमतातल्या बाजूला १४. कामाचा पगार मिळतो. राहण्याची सोय सिनेटच्या वसतिगृहात असते, शाळाही तिथेच. हा शैक्षणिक दौरा नव्हे आणि उन्हाळी शिबिरही नव्हे, ती नोकरी आहे. पुढची प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवून वाचा.

## पायरी १: पात्रता तपासा, आणि तारखेनिशी तपासा

नियम मोजके आहेत. रुजू होण्याच्या दिवशी वय १६ किंवा १७ हवं. नेहमीच्या सत्रासाठी विद्यार्थी अकरावीत हवा. जीपीए (गुणांची सरासरी) किमान ३.० हवा. सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. उन्हाळी सत्राला इयत्तेची अट वेगळी असू शकते, ती त्या वर्षीच्या सूचनेत वाचा.

वयाची चूक आपल्याकडे वारंवार होते. भारतातून आल्यावर एक वर्ग पुढे बसवलेली किंवा लवकर शाळेत घातलेली मुलं अकरावीच्या सुरुवातीला पंधराचीच असतात. वाढदिवस नोव्हेंबरात असेल तर सप्टेंबरचं सत्र हातचं गेलं, पण जानेवारीचं मिळू शकतं. जन्मतारीख आणि सत्राची पहिली तारीख कागदावर शेजारी शेजारी लिहा. अंदाजाने ठरवू नका.

दुसरी अडचण व्हिसाची. एच-४ (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वर असलेल्या शाळकरी मुलांना पगारी काम करता येत नाही, म्हणून हा मार्ग त्यांच्यासाठी बंद आहे. मुलाला हे आधीच स्पष्ट सांगा. सहा महिने आशेवर ठेवून मग सांगण्यात काही अर्थ नाही. घरात ग्रीन कार्ड असेल, नागरिकत्व अजून मिळालेलं नसेल, तर अर्ज भरण्यापूर्वी सिनेटरच्या ऑफिसला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

सावधान: हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमधला (संसदेच्या दुसऱ्या सभागृहातला) पेज कार्यक्रम २०११ साली बंद झाला. वर्षाला ५० लाख डॉलरहून जास्त खर्च होत होता आणि निरोप पोचवण्याचं काम ईमेलने होऊ लागलं होतं, अशी कारणं तेव्हा दिली गेली. तरी जुन्या लेखांत त्याचे अर्ज आणि पत्ते अजून सापडतात. सध्या चालू आहे तो फक्त सिनेटचा कार्यक्रम.

कॅनडातल्या वाचकांसाठी: ओटावाच्या हाउस ऑफ कॉमन्समधले पेज हे विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी असतात. तिथे अकरावीतून अर्ज करता येत नाही.

## पायरी २: सत्र निवडा

सत्रं चार असतात. सप्टेंबर ते जानेवारी, जानेवारी ते जून, आणि उन्हाळ्यात काही आठवड्यांची दोन छोटी सत्रं.

पालकांना उन्हाळा सोयीचा वाटतो, कारण शाळा बुडत नाही. नेमक्या त्याच कारणाने तो सगळ्यांनाच सोयीचा वाटतो आणि तिथे गर्दी होते. शाळा तयार असेल तर लांब सत्रासाठी अर्ज करावा असं माझं मत आहे. सभागृहाची पद्धत अंगवळणी पडायलाच काही आठवडे जातात. त्यानंतर खरं शिकणं सुरू होतं, आणि छोटं सत्र तोवर संपत आलेलं असतं.

जानेवारीचं सत्र निवडणाऱ्यांनी मे महिन्यातल्या एपी परीक्षा, एसएटीची (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची) तारीख, संघात असाल तर खेळाचा मोसम, हे सगळं आधी मांडून बघा. अरंगेत्रमची तारीख ठरलेली असेल तर तीसुद्धा.

## पायरी ३: शाळेची लेखी कबुली घ्या

सर्वांत जास्त अर्ज इथेच फसतात, म्हणून इथे जरा सावकाश.

सिनेट पेज स्कूल ही मान्यताप्राप्त शाळा आहे. तिथे मुख्यतः चार विषय असतात: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं. तुमच्या शाळेतल्या अभ्यासक्रमाशी जुळवून घ्यायचा तिथले शिक्षक प्रयत्न करतात. पण विद्यार्थी मोजके, वेळ कमी. कॉम्प्युटर सायन्स, ऑर्केस्ट्रा, प्रयोगशाळेवर चालणारा एखादा वरचा विषय तिथे मिळेल असं धरून चालू नका.

काउन्सेलरकडे (शाळेतल्या मार्गदर्शकाकडे) जाताना नुसतं "मला पेज व्हायचंय" म्हणू नका. एका कागदावर तीन रकाने करा. पहिल्या रकान्यात अकरावीचे तुमचे सगळे विषय. दुसऱ्यात, त्यातला कोणता तिथे चालू राहील. तिसऱ्यात, जो राहणार नाही त्याचं काय करणार: उन्हाळ्यात ऑनलाइन, बारावीत, की सोडून देणार. हा कागद समोर ठेवलात की बोलणं पंधरा मिनिटांत मुद्द्यावर येतं. रिकाम्या हाताने गेलात तर काउन्सेलर "बघू या" म्हणतात, आणि ते "बघू या" मार्चपर्यंत चालतं.

काउन्सेलरला विचारायचे प्रश्न:

- तिथले गुण आपल्या ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) कसे येतील? अक्षरश्रेणी म्हणून, की नुसते उत्तीर्ण म्हणून?
- ऑनर्स किंवा एपी विषयाला मिळणारं जादा वजन तिथल्या गुणांना मिळेल का?
- हायस्कूल पूर्ण करण्यासाठी राज्याने सक्तीचा केलेला एखादा विषय राहून जातोय का?
- मे महिन्यात एपी परीक्षेला बसायचं असेल तर नोंदणी कोण करणार आणि परीक्षा कुठे होणार?
- वर्गातल्या क्रमांकावर परिणाम होईल का?

उत्तरं ईमेलने मागवा. तोंडी होकार देणारे काउन्सेलर वर्षभरात बदलून जाऊ शकतात.

पुढे जाण्यापूर्वी: शाळेचा लेखी होकार हातात आहे? नसेल तर चौथी पायरी चढू नका. सिनेटरच्या ऑफिसने निवड केल्यावर "शाळा नाही म्हणते" असं कळवावं लागलं, तर ती जागा वाया जाते आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेतून येणाऱ्या मुलालाही ते जड जातं.

## पायरी ४: योग्य ऑफिस गाठा

या कार्यक्रमाला एकच मध्यवर्ती अर्ज नाही. पेजची शिफारस सिनेटर करतात, म्हणून अर्ज सिनेटरच्या ऑफिसात जातो. प्रत्येक राज्याला दोन सिनेटर असतात आणि दोघेही अख्ख्या राज्याचे. तुम्ही एडिसनला राहा नाहीतर चेरी हिलला, न्यू जर्सीचे दोन्ही सिनेटर तुमचेच. दोघांकडे अर्ज करता येतो आणि करावाच.

गोंधळ का होतो, तर शाळेतल्या मुलांचा संबंध एरवी हाउसमधल्या प्रतिनिधीशी येतो. काँग्रेशनल अ‍ॅप चॅलेंज असो की चित्रकला स्पर्धा, ती प्रतिनिधीच्या मतदारसंघातून होते. त्यामुळे ओळखीच्या ऑफिसकडे अर्ज धाडला जातो आणि तिथे तो कोणाच्याच कामाचा नसतो.

सिनेटर १०० आणि जागा ३०. जागा देताना ज्येष्ठता बघितली जाते. म्हणजे प्रत्येक सिनेटरला प्रत्येक सत्रात जागा मिळत नाही. म्हणून पहिला फोन हाच: "पुढच्या सत्रासाठी आपण पेजची शिफारस करणार आहात का? अर्ज कधी उघडतो आणि शेवटची तारीख कोणती?" प्रत्येक ऑफिसच्या तारखा वेगळ्या. मैत्रिणीला टेक्सासमध्ये मिळालेली तारीख तुम्हाला इलिनॉयमध्ये उपयोगाची नाही.

हा फोन विद्यार्थ्याने स्वतः करायचा. पालकांनो, इथे मन घट्ट करा. ऑफिसातला माणूस फोनवर आईचा किंवा बाबांचा आवाज ऐकतो तेव्हा त्याच्या मनात पहिली शंका येते ती हीच, की हे मूल घरापासून लांब राहील का. फोन करताना नाव सांगून लगेच एकेक अक्षर सांगा. आपली नावं लांब असतात, आणि चुकीच्या स्पेलिंगखाली ठेवलेला अर्ज पुन्हा सापडायला त्रास होतो. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं असेल तर सगळ्या कागदांवर ते एकसारखं लिहा.

तयारी दहावीतच सुरू करा. सत्राच्या जवळपास वर्षभर आधी पहिला फोन झालेला असावा.

पक्षाबद्दलही इथेच विचार करून ठेवा. ज्या पक्षाच्या सिनेटरने तुमची शिफारस केली, त्या पक्षाच्या बाजूला तुम्ही काम करणार. मतं पटली नाहीत तरी काम सारख्याच निष्ठेने करावं लागतं. ते जमणार नसेल तर त्या ऑफिसात अर्ज करू नका.

## पायरी ५: कागद, शिफारस, निबंध

ऑफिस साधारणपणे अर्ज, ट्रान्सक्रिप्ट, रेझ्युमे, शिफारसपत्रं आणि निबंध मागतं. किती पानं, किती पत्रं, कोणत्या स्वरूपात, हे त्या ऑफिसच्या सूचनेप्रमाणे. दोन पत्रं मागितली असतील तर पाच पाठवू नका.

शिफारसपत्र. महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, बाबांच्या कंपनीतले व्हाइस प्रेसिडेंट, हे नको. ज्या शिक्षकाने तुम्हाला थकलेलं, चुकलेलं आणि तरी काम पुरं करताना पाहिलंय, त्यांना विचारा. उन्हाळ्यात लायब्ररीत किंवा दुकानात काम केलं असेल तर तिथला सुपरवायझर फारच उत्तम. वेळेवर येणं, सांगितलेलं निमूट करणं, हे त्याला ठाऊक असतं, आणि ऑफिसला तेच हवं असतं. किमान चार आठवड्यांची मुदत द्या.

निबंध. आईवडील दोन सुटकेस घेऊन या देशात आले, हा निबंध या वर्षी लिहू नका. ती गोष्ट खरी आहे, मोलाची आहे, पण ती आईवडिलांची आहे. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल कळायला हवं.

तुम्ही स्वतः सार्वजनिक कामाला हात लावला असेल असा एखादा छोटा प्रसंग घ्या. समजा, मंडळाच्या गणपतीचं विसर्जन काउंटीच्या पार्कातल्या तळ्यावर करायचं होतं आणि परवान्याचा अर्ज तुम्ही भरलात. मग तो अर्जच लिहा. मूर्ती शाडूची असल्याचं लिहून मागितलं, विमा लागला, पार्किंगची हमी द्यावी लागली, तळ्याऐवजी टाकी वापरायचं ठरलं. कोण काय म्हणालं, नियम तसा का होता, तुमचं मत कुठे बदललं. नियम वाचणारं, माणसांशी बोलणारं, सबुरी असलेलं मूल त्यातून दिसतं. "लोकशाहीवर माझा गाढ विश्वास आहे" या वाक्यातून यातलं काहीच दिसत नाही.

पालकांनी निबंध वाचावा, शुद्धलेखन बघावं आणि पेन खाली ठेवावं. मोठ्यांची वाक्यं लगेच ओळखू येतात, आणि मुलाखतीत त्याच वाक्यावर प्रश्न आला की मूल गडबडतं.

पाठवण्यापूर्वी: सगळ्या कागदांवर नाव सारखं आहे? सिनेटरचं नाव बरोबर आहे? दोन ऑफिसांना अर्ज करताना एकाच्या निबंधात दुसऱ्याचं नाव राहिलेलं नाही ना? हा शेवटचा घोळ वाटतो त्याहून जास्त वेळा होतो.

## पायरी ६: मुलाखत

ऑफिसने बोलावलं तर फोनवर किंवा व्हिडिओवर बोलणं होतं. घरी सराव करा, पण पाठांतर नको.

तयारी तीन गोष्टींची. सिनेटर कोणत्या समित्यांवर आहेत आणि अलीकडे त्यांनी कोणत्या विधेयकावर काम केलं. सिनेटसमोर सध्या असलेला एक विषय, दोन्ही बाजूंसकट. आणि या प्रश्नाचं उत्तर: दिवसभर कागद पोचवायचे आणि पाण्याचे पेले ठेवायचे असले तर चालेल का?

या प्रश्नाला "हो, काहीही करेन" हे उत्तर पुरत नाही. असं काम तुम्ही पूर्वी कुठे केलंय ते सांगा: मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडणं, लायब्ररीतली पुस्तकं जागेवर लावणं. घराची आठवण आल्यावर काय कराल, हेही विचारतात. "मला आठवण येत नाही" म्हणू नका. आजवर घराबाहेर सर्वांत जास्त दिवस कधी राहिलात आणि तेव्हा काय उपयोगी पडलं, ते सांगा.

## पायरी ७: निवड झाल्यावर, निघण्यापूर्वी

स्वागताचे कागद आले की यादीबरहुकूम वागा. आरोग्य विम्याचं कार्ड, वैद्यकीय अर्ज, सोशल सिक्युरिटी कार्ड, पगारासाठी बँकेचं खातं हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. वसतिगृहाचे पैसे पगारातून कापले जातात. वॉशिंग्टनला जाण्यायेण्याचा खर्च घरचा.

कपड्यांची खरेदी यादी येईपर्यंत करू नका. गणवेश म्हणजे गडद निळा सूट, पांढरा शर्ट, टाय आणि काळे बूट. बूट मात्र लवकर घ्या आणि महिनाभर घरात, दुकानात, मंदिरात घालून फिरा. कोरे बूट घालून पहिल्याच दिवशी दहा-बारा तास उभं राहिलं की टाचा सोलतात आणि पुढचा आठवडा लंगडत जातो.

झोपेची सवय बदला. शाळा पहाटे सव्वासहाच्या सुमारास, राहत्या इमारतीच्या तळघरात भरते. बे एरियातल्या मुलांसाठी तेव्हा घरचे सव्वातीन वाजलेले असतात. निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून झोपण्याची वेळ रोज थोडी अलीकडे आणा.

शाकाहारी असाल, उपास करत असाल, अंडं चालत नसेल, तर ते अर्जात आधीच नेमकं लिहा. नुसतं "व्हेजिटेरियन" लिहिलं तर अंडं चालतं असा अर्थ लावला जातो.

फोन वापरण्यावर कडक बंधनं असतात. रोज रात्री आजीशी व्हिडिओवर बोलायची सवय असेल तर रविवारचा एक कॉल ठरवा आणि आजीलाही तसं सांगून ठेवा. दिवसभर निरोप आला नाही की घरचे घाबरतात आणि वसतिगृहात फोन करत सुटतात. असं करू नका.

निघण्यापूर्वी पालकांसाठी: मुलाला कपडे धुता येतात? इस्त्री येते? टाय कोणाच्या मदतीशिवाय बांधता येतो? गजर स्वतः लावून स्वतः उठता येतं? यातलं एकही उत्तर "नाही" असेल तर उरलेले दिवस त्यावर घालवा.

## पायरी ८: सभागृहातले पहिले आठवडे

पहिलं काम चेहरे ओळखण्याचं. १०० सिनेटर, त्यांची राज्यं आणि सभागृहातली त्यांची जागा पाठ हवी. छायाचित्रं नावाच्या अक्षरक्रमाने पाठ करू नका. राज्याप्रमाणे जोड्या लावा आणि नंतर आसनांच्या नकाशावर एकेक रांग घ्या, कारण काम करताना डोळ्यांसमोर रांगच असते. अध्यक्षांच्या आसनावरून पाहिलं तर उजवीकडे डेमोक्रॅट, डावीकडे रिपब्लिकन.

दिवस असा सुरू होतो. कामकाजाआधी सभागृहात जायचं आणि प्रत्येक डेस्कवर त्या दिवसाचे छापील कागद ठेवायचे. कामकाज सुरू झालं की पेज अध्यक्षांच्या आसनासमोरच्या पायऱ्यांवर, आपापल्या पक्षाच्या बाजूला बसतात आणि नजर सभागृहावर ठेवतात.

सिनेटर बोलायला उभे राहणार असं दिसलं की उठायचं. भाषणासाठीचं छोटं लाकडी स्टँड त्यांच्या डेस्कवर ठेवायचं, पाण्याचा पेला ठेवायचा. तक्ते दाखवायचे असतील तर इझल उभं करायचं. भाषण संपलं की सगळं उचलून जागच्या जागी. त्यांनी विधेयकातल्या दुरुस्तीचा कागद हातात दिला की तो सरळ समोर लिपिकांच्या टेबलावर न्यायचा. वाटेत वाचायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही, दुसऱ्या कोणी मागितला तर द्यायचाही नाही.

मतदानाची घंटा झाली की सभागृह भरतं. मतदानाला नावापुरती १५ मिनिटं असतात, प्रत्यक्षात बरेचदा जास्त लागतात. या गर्दीत नवे पेज मधोमध उभे राहतात. तसं करू नका. कडेने चला, आणि बोलत उभ्या असलेल्या दोन सिनेटरांच्या मधून कधीही जाऊ नका.

नव्या पेजच्या नेहमीच्या चुका:

1. इशारा मिळेपर्यंत वाट बघत बसणं. चांगला पेज भाषणाची यादी बघून आधीच स्टँडजवळ असतो.
2. निरोप नीट ऐकू आला नाही तरी मान डोलावून निघणं. तिथल्या तिथे पुन्हा विचारा: "सिनेटर, हे क्लोकरूमला न्यायचं का?" (क्लोकरूम म्हणजे सभागृहाला लागून असलेली पक्षाची खोली.) त्यात कमीपणा नाही. चुकीच्या ठिकाणी गेलेला कागद परत आणणं फार अवघड.
3. सिनेटरांना नावाने हाक मारणं. संबोधन "सिनेटर" हेच.
4. क्लोकरूममध्ये ऐकलेलं मित्रांना सांगणं. तिथलं काहीही घरी, शाळेत किंवा सोशल मीडियावर जाता कामा नये. विश्वास गेला की तो त्या सत्रात परत मिळत नाही.
5. आपल्या गटातल्या मुलांशीच बोलणं. दुसऱ्या बाजूचे पेज त्याच इमारतीत राहतात आणि त्याच वर्गात बसतात.

कामकाज रात्रीपर्यंत लांबलं तर पेजही थांबतात. अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या शाळेचं वेळापत्रक बदलतं, ते विचारून घ्या. गृहपाठ रात्रीवर टाकू नका. आज रात्री किती वाजता सुटाल हे दुपारी कोणालाच सांगता येत नाही. सकाळचा तास संपल्यापासून सभागृहात जाईपर्यंतचा वेळ छोटा असला तरी भरवशाचा असतो. गणिताचे प्रश्न तेव्हाच सोडवा.

तिसऱ्या आठवड्यात स्वतःला विचारा: झोप किती होते आहे? एखाद्या विषयात मागे पडतोय का? पडत असाल तर शिक्षकांना लगेच सांगा. तिथल्या मुलांच्या थकव्याची त्यांना पुरेपूर कल्पना असते. लपवलं तर सहाव्या आठवड्यात तो विषय सावरत नाही.

## पायरी ९: परत आल्यावर

पेज स्कूलचे गुण तुमच्या शाळेत पोचले आणि ट्रान्सक्रिप्टवर नीट चढले का, हे परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत काउन्सेलरसोबत बसून बघा. तिसऱ्या पायरीतला तीन रकान्यांचा कागद आणि ईमेलची प्रत सोबत न्या. एखादा विषय चुकीच्या नावाने नोंदला गेला असेल, तर कॉलेजच्या अर्जांच्या गर्दीत तो दुरुस्त करून घेणं कठीण जातं.

शिफारस करणाऱ्या ऑफिसला, शिक्षकांना आणि सुपरवायझरला हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र पाठवा. पुढच्या वर्षी जानेवारीच्या सुमारास पगाराचा डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) येईल. तो बाबांच्या ईमेलवर नव्हे, तुमच्या पत्त्यावर येईल अशी नोंद करून ठेवा, आणि त्या वर्षीचं कर विवरणपत्र भरताना तो विसरू नका.